हवेचा हिशेब : प्रस्तावना

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला साधारण दहा हजार लिटर हवा लागते, म्हणजे उन्हाळ्यात गल्लीत येणारा पाण्याचा एक टँकर भरेल इतकी. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या माणसाला टँकरचं माप वेगळं समजावून सांगायला नको. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला निघालेली साधी मोटार वाटेत सात-आठ लिटर पेट्रोल जाळते आणि सात-आठ टँकर हवा पोटात घेते. पेट्रोलचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. गाडी लिटरला किती देते हे आपण पाहुण्याला चहा यायच्या आत विचारतो. हवा फुकट आहे, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

इंजिनाची रचना करणारा मात्र हाच हिशेब आधी मांडतो. इंधन द्रव आहे, बारीक छिद्रातून दाबाखाली सोडलं की हवं तेवढं आत जातं. हवेचं तसं नाही. नांदेडच्या उन्हाळ्यात एक ग्रॅम हवेला जवळजवळ एक लिटर जागा लागते, आणि सिलिंडरात जागा मोजकी असते. त्या जागेत प्रत्येक फेरीला किती ग्रॅम हवा बसते, यावर इंजिन किती इंधन जाळू शकेल आणि किती जोर देईल हे ठरतं. समोरच्या जाळीमागच्या तोंडापासून व्हॉल्व्हपर्यंत ही हवा ज्या वाटेने येते, तिला गॅरेजात ‘इनटेक’ म्हणतात. हे पुस्तक त्या वाटेबद्दल आहे.

इंजिन हवा ओढतं असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात पिस्टन खाली जातो, सिलिंडरातला दाब कमी होतो आणि बाहेरचं वातावरण हवा आत ढकलतं. हा ढकलणारा जोर फुकट असला तरी अमर्याद नाही. एका वातावरणाच्या दाबापलीकडे तो जात नाही. वाटेतला प्रत्येक अडथळा, मग तो फिल्टरचा कागद असो, पाइपाचं वळण असो की थ्रॉटलची चकती, या मर्यादित दाबातून आपला वाटा कापून घेतो. फक्त हवा भरपूर जावी एवढीच मागणी असती तर रचना सोपी होती : तोंड उघडं ठेवायचं, पाइप रुंद आणि आखूड ठेवायचा. पण हवा स्वच्छ हवी, म्हणून फिल्टर. ती थंड हवी, म्हणून तोंड रेडिएटरच्या गरम झोतापासून दूर. पाणी आत जायला नको, म्हणून तोंड उंचावर. आवाज कमी हवा, म्हणून बंद डबे. किती हवा गेली ते कळायला हवं, म्हणून सेन्सर आणि त्याच्या आधी काही अंतर सरळ वाट. आणि हे सगळं बॉनेटखाली बॅटरी, वायरिंग, कूलंटच्या नळ्या यांच्यातून उरलेल्या जागेत बसवायचं. इनटेकची रचना म्हणजे या सगळ्या मागण्यांमधली तडजोड आहे. ती समजून न घेता केलेला बदल एका मागणीला खूश करतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. पुस्तकाचं सांगणं एवढंच आहे, बाकीची प्रकरणं त्याचा तपशील आहेत.

हे पुस्तक नांदेड-लातूरच्या वाचकाला समोर ठेवून लिहिण्यामागे कारणं आहेत. मराठवाड्यात मोटार दारात यायच्या कितीतरी आधी इंजिन आलं ते विहिरीवर. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत डिझेल इंजिनाचा ठोका शिवारात ओळखीचा झाला. मग ट्रॅक्टर आले, जीप आल्या, काळी-पिवळी आली. इंजिन खोलून बसवणारी पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी या भागात आहे. दुसरीकडे १९८१ मध्ये नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, १९८३ मध्ये लातूरला बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय. दोन्ही शहरांत शासकीय तंत्रनिकेतनं आणि आयटीआय आहेत. तिथे जे शिकवलं जातं त्याची पुस्तकं इंग्रजीत आहेत. १९८८ मध्ये निघालेला जॉन हेवूड यांचा इंजिनांवरचा ग्रंथ, आपल्याकडे घरोघरच्या विद्यार्थ्याने चाळलेलं गणेशन यांचं पुस्तक, ही दोन्ही उत्तम आहेत आणि हे पुस्तक त्यांची जागा घेऊ पाहत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, पण परवानगीने पुस्तकं तयार होत नाहीत. गॅरेजात हाताला जे कळतं आणि वर्गात फळ्यावर जे मांडलं जातं, त्यांची गाठ पडावी हा इथला प्रयत्न आहे. सुट्या भागांना स्पेअर पार्टच्या दुकानात ज्या नावाने मागतात तीच नावं ठेवली आहेत.

दुसरं कारण इथली हवा. पाठ्यपुस्तकांतली गणितं बहुधा समुद्रसपाटीवरच्या, १५ किंवा २५ अंशांच्या हवेवर सोडवलेली असतात. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली ताकदही २५ अंशांच्या प्रमाण हवेला जुळवून घेतलेली असते. नांदेड गोदावरीकाठी, समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशे मीटरच्या वर. नुसत्या उंचीमुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा नांदेडला चार टक्के आणि लातूरला सहा-सात टक्के कमी असतो. त्यात ऊन मिळवा. समुद्रसपाटीवर १५ अंशांना एक घनमीटर कोरड्या हवेचं वजन १.२२५ किलो भरतं. नांदेडला मे महिन्यात ४२ अंशांना ते १.०७ किलो होतं, लातूरला ४० अंशांना १.०५ च्या आसपास. म्हणजे सिलिंडर तेवढाच, पिस्टन तेवढाच, पण दर फेरीला बारा ते पंधरा टक्के हवा कमी. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नांदेडला पारा १२ अंशांवर उतरला की तोच आकडा १.१९ वर जातो. थंडीत सकाळी गाडी ‘हलकी’ चालते असं चालक म्हणतात, त्यामागे मनाचे खेळ नाहीत. दहा टक्के जास्त हवा आहे.

हे गणित लक्षात घेतलं की पुढचा मुद्दा आपोआप कळतो. हवा घ्यायचं तोंड कुठे ठेवायचं? बॉनेटखाली, भर उन्हात थांबत-चालत जाणाऱ्या गाडीत, हवा सहज ६५ अंशांवर जाते. बाहेरची ४२ अंशांची हवा सोडून ही आतली हवा घेतली तर वजनात आणखी सात टक्के घट. म्हणून कंपनी एक लांबट प्लॅस्टिकची नळी पुढच्या जाळीपर्यंत किंवा हेडलाइटच्या मागे नेते. आपल्याकडे हौशी मंडळी हा सगळा डबा काढून थेट इंजिनाजवळ शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवतात. त्या फिल्टरचा अडथळा कदाचित थोडा कमी असेल, पण तो घेतो ती हवा रेडिएटरवरून आलेली. शिवाय आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते. पहिल्या भागात हे उदाहरण आकड्यांसह सोडवून दाखवलं आहे. मे महिन्यातल्या दुपारी बहुतेक वेळा मूळचा डबाच जिंकतो.

तोंड थंड जागी हवं तसंच ते उंच हवं. याचं कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक ओढ्यावर दिसतं. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर ३०० सीसीचा. कॉम्प्रेशन दहास एक धरलं तर पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा ३३ सीसी. हवा दबते, पाणी दबत नाही. ३३ मिलिलिटर म्हणजे टपरीवरच्या कटिंगपेक्षाही कमी. त्याहून थोडं जास्त पाणी एका सिलिंडरात शिरलं, तर पिस्टनला वर जायला वाटच राहत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुलावरून पाणी वाहत असताना पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून सुरू करायची नाही, हा नियम याच ३३ सीसीमधून आला आहे. थंड हवेसाठी तोंड खाली पुढे न्यावं तर पाण्याची भीती, उंच मागे न्यावं तर उष्णता. प्रत्येक गाडीत या दोन टोकांमध्ये कुठेतरी रेघ ओढलेली असते, आणि ती कुठे ओढली आहे हे गाडीमालकाला माहीत असायला हवं.

यानंतर धूळ. या प्रकरणाला पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण इथे आपला अनुभव छापील नियमांपेक्षा वेगळा आहे. एअर फिल्टरची चाचणी जगभर आयएसओ ५०११ या मानकानुसार होते. त्यासाठी वापरायची धूळही ठरलेली आहे. तिचं मूळ अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशात आहे आणि तिच्यात दोन-तृतीयांशाहून अधिक सिलिका असते. आपली धूळ वेगळी. काळी माती दख्खनच्या बसाल्टपासून झालेली, चिकण. तिचे मूळ कण दोन मायक्रॉनहूनही बारीक, आणि उडतात ते त्यांचे पुंजके. रस्त्याचं काम चालू असेल तर त्यात मुरूम आणि खडीची भुकटी. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं की हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालू होतो आणि भुसकट हवेत तरंगतं. त्याच सुमारास उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन फुफाट्यातून निघतात. बारीक धूळ, तंतुमय भुसकट आणि सकाळचं दव यांचा एकत्र थर फिल्टरवर बसला की तो छापील किलोमीटर पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी चोक होतो. म्हणून ‘इतक्या हजार किलोमीटरनंतर बदला’ हा नियम इथे जशाच्या तसा चालत नाही. धुळीच्या भागासाठी निम्म्या अंतरावर तपासणी करा असं सर्व्हिस पुस्तिकेतच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आपला भाग त्या बारीक अक्षरातला आहे.

जुन्या ट्रॅक्टरांनी या धुळीला दिलेलं उत्तर अभ्यासण्यासारखं आहे. ऑइल बाथ प्रकारच्या एअर क्लीनरमध्ये हवा मधल्या नळीतून खाली येते, तळाच्या तेलावर आपटून झटकन उलटी वर वळते. हवा वळते, पण जड कण वळू शकत नाहीत. ते तेलात पडतात. उरलेले कण तेलाने ओल्या झालेल्या जाळीत अडकतात. यात बदलायचं काही नाही, तळाची वाटी काढून गाळ फेकायचा आणि नवं तेल खुणेपर्यंत ओतायचं. पण इंजिन मंद चालत असताना हवेचा वेग कमी पडतो आणि बारीक कण निसटतात. कागदी फिल्टर हे काम जास्त चोख करतो, नव्याण्णव टक्क्यांहून अधिक धूळ अडवतो, म्हणून नव्या ट्रॅक्टरांवर दुहेरी कागदी फिल्टर आले. खुणेपेक्षा जास्त तेल ओतलं तर डिझेल इंजिन ते ओढून घेऊन बेफाम पळू शकतं, हेही त्या प्रकरणात सांगितलं आहे.

कागदी फिल्टरबद्दल एक गोष्ट ऐकायला उलटी वाटते. कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडी धूळ बसलेला फिल्टर जास्त चांगलं गाळतो, कारण बसलेला थरच पुढच्या कणांना अडवतो. त्यामुळे दर आठवड्याला फिल्टर काढून काँप्रेसरची नळी लावणारा मालक गाडीची काळजी घेत नसतो. जोराच्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि त्यातून जाणारे पाच ते वीस मायक्रॉनचे कण पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या थरात घुसून दोन्ही घासतात. याहून वाईट म्हणजे फिल्टरनंतरच्या रबरी नळीचा सैल क्लॅम्प. चोक झालेला फिल्टर हवा कमी देतो. सैल क्लॅम्प धूळ थेट देतो. फिल्टर बदलताना क्लॅम्पला हात लावून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

मग येतात ते डबे, जे गॅरेजात सर्वांत आधी काढले जातात. फिल्टरच्या आधीच्या नळीला एक बंद डबा जोडलेला असतो. त्याला एकच तोंड. हवा त्यातून पुढे कुठेच जात नाही. ‘हा कशाला ठेवलाय?’ असं विचारून तो काढतात आणि तोंडाला बूच मारतात. हा रेझोनेटर. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात ध्वनीच्या अभ्यासासाठी पोकळ गोळे वापरले, त्यांचा हा वंशज. व्हॉल्व्ह उघडझाप करतात तेव्हा नळीत दाबाच्या लाटा उठतात. डब्यातली हवा त्या लाटेने दबते आणि उलट ढकलते. डब्याचं आकारमान आणि त्याच्या मानेची लांबी-जाडी अशी ठरवलेली असते की एका ठरावीक कंपनाला हे ढकलणं नेमकं विरुद्ध वेळेला येतं आणि घरघर मरते. डबा काढला की इंजिन बिघडत नाही, म्हणून तो निरुपयोगी वाटतो. पण ठरावीक वेगाला केबिनमध्ये येणारा घुमारा तोच गिळत होता.

या लाटांचं दुसरं काम ताकदीचं आहे, आणि माझ्या मते इनटेकच्या रचनेतला हा सर्वांत देखणा भाग आहे. मिनिटाला ३००० फेऱ्यांना पिस्टन वरून खाली यायला एका सेकंदाचा शंभरावा भाग घेतो. व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली गेला की कमी दाबाची लाट मॅनिफोल्डच्या नळीतून उलटी वर जाते. नळी जिथे मोठ्या पोकळीत, म्हणजे प्लेनममध्ये उघडते, तिथून ती उलट स्वरूपात, जास्त दाबाची होऊन परत येते. ही परतीची लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या जरा आधी पोचली, तर ती जाता जाता थोडी जास्त हवा आत कोंबते. उशिरा पोचली तर व्हॉल्व्ह मिटलेला असतो. फार लवकर पोचली तर तिचा जोर व्हॉल्व्ह मिटायच्या आधीच ओसरतो. गणित साधं आहे. ४२ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५६ मीटर. ४० सेंटिमीटरच्या नळीत जाऊन-येऊन ८० सेंटिमीटर, त्याला सव्वादोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ६००० फेऱ्यांना क्रँक ८० अंश फिरतो, ३००० फेऱ्यांना फक्त ४०. जी नळी ६००० ला साथ देते ती ३००० ला चुकते. ३००० साठी जवळजवळ दुप्पट लांबी लागते. १९६० च्या क्रायस्लर ३०० एफ या मोटारीवर तब्बल ३० इंची नळ्या इंजिनाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेल्या होत्या, त्या याच कमी फेऱ्यांवरच्या ओढीसाठी. आज काही इंजिनांत झडप फिरवून नळीची लांबी चालता चालता बदलतात. आणि आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असल्यामुळे जानेवारीच्या पहाटेची नळी आणि मेच्या दुपारची नळी यांत पाच टक्क्यांचा फरक पडतो, जरी नळी तीच असली. मॅनिफोल्ड ‘मोठा’ करून घेणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं. बाजारात, ट्रॅफिकमध्ये, बैलगाडीमागे चालणाऱ्या गाडीला ६००० फेऱ्यांची नळी काय करायची आहे?

थ्रॉटल आणि सेन्सरचं प्रकरण मुद्दाम आटोपशीर ठेवलं आहे, कारण त्यावर वाचायला बरंच मिळतं. त्यातली एक गोष्ट मात्र इथे सांगतो. ‘फिल्टर चोक झाला की ॲव्हरेज पडतं’ हे वाक्य कार्ब्युरेटरच्या काळात खरं होतं. आजच्या पेट्रोल गाडीत सेन्सर आत गेलेली हवा मोजतो आणि तेवढंच इंधन सोडलं जातं. चालक पाय थोडा जास्त दाबतो, थ्रॉटल थोडा जास्त उघडतो आणि हिशेब जुळतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली चाचण्या करून दाखवलं की अशा गाड्यांत चोक झालेल्या फिल्टरने ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. कमी होते ती ओव्हरटेक करतानाची उसळी. जुन्या डिझेलमध्ये थ्रॉटल नाही. तिथे हवा कमी पडली की इंधन अर्धवट जळतं आणि सायलेन्सर काळा धूर ओकतो. एकच बिघाड दोन इंजिनांत दोन रूपांनी दिसतो, म्हणून मेकॅनिकने लक्षणावरून निदान करताना आधी इंजिन कोणतं ते पाहावं.

वातावरणाचा दाब पुरत नाही तिथे टर्बो येतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. हवा दाबली की तापते : ४२ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर ती १४० अंशांच्या आसपास पोचते आणि दाबाने कमावलेलं वजन उष्णतेने गमावू लागते. म्हणून इंटरकूलर. पण तोही बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; बाहेर ४२ असेल तर आत ४२ च्या वरच. इंटरकूलरच्या पंखांत अडकलेलं भुसकट आणि चिखल धुऊन काढणं हे आपल्याकडे म्हणूनच सणावाराचं नव्हे, नित्याचं काम आहे.

इंधन बदललं की हवेचा हिशेबही बदलतो. सीएनजी वायूच असल्यामुळे तो सिलिंडरात स्वतःची जागा मागतो, सुमारे साडेनऊ टक्के. तेवढी हवा कमी बसते आणि घाटात गाडी पेट्रोलइतकी चढत नाही. त्यात किटचा दोष असेलच असं नाही. उसाच्या पट्ट्यातून येणाऱ्या इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते : एक किलो पेट्रोलला १४.७ किलो, तर एक किलो इथेनॉलला ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. लातूरच्या साखर कारखान्याच्या धुराड्याखाली जे तयार होतं, त्याचा इनटेकशी संबंध असा येतो.

विद्यार्थ्यांसाठी शेवटचा भाग एका स्पर्धेच्या नियमावर बेतला आहे. विद्यार्थ्यांनी मोटार बनवून पळवायच्या ज्या फॉर्म्युला प्रकारच्या स्पर्धा जगभर होतात, आपल्याकडे २०११ पासून सुप्रा एसएईइंडिया आणि नंतर फॉर्म्युला भारत, त्यांत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच छिद्रातून न्यावी लागते. त्या छिद्रात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की पुढे कितीही ओढा, जास्त हवा येत नाही. समुद्रसपाटीवर २७ अंशांना ही मर्यादा सेकंदाला ७४ ग्रॅम येते, नांदेडच्या मे महिन्यात सत्तरच्या जरा खाली. अनेक संघ चाकणला बनलेलं केटीएमचं ३७३ सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन वापरतात. ९००० फेऱ्यांना त्याची सरासरी गरज सेकंदाला तीस ग्रॅमच्या आसपास. मग छिद्र आड कुठे येतं? ते येतं, कारण एकटा सिलिंडर चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकला हवा घेतो. त्या क्षणी त्याची मागणी चौपट, म्हणजे छिद्राच्या मर्यादेपलीकडे असते. छिद्र आणि इंजिन यांच्यामध्ये पुरेसा मोठा प्लेनम ठेवला तर तो तीन स्ट्रोक भरत राहतो आणि चौथ्याला देतो. फार मोठा ठेवला तर पाय दाबल्यावर गाडी उशिरा ऐकते. किती मोठा ठेवायचा, हा प्रश्न पूर्ण सोडवून दाखवला आहे. ज्याला हा एक प्रश्न स्वतः सोडवता आला, त्याला इनटेकची रचना समजली असं मी मानतो.

विजेच्या मोटारींना इनटेक नसतो आणि त्या वाढत आहेत. तरीही आज शेतात, उसाच्या रस्त्यावर आणि तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर जी इंजिनं चालू आहेत त्यांना अजून बरीच वर्षं हवा लागणार आहे. या पुस्तकाला आकार आला तो ती इंजिनं उघडून दाखवणाऱ्या नांदेड-लातूरच्या मेकॅनिक मंडळींमुळे आणि ‘पण असंच का?’ विचारणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे. दोघांचाही मी ऋणी आहे.

वाचकाला एक विनंती. पुस्तक नुसतं वाचू नका, मोजा. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन-तीन मीटर घ्या, इंग्रजी यू आकारात फळीला बांधा, अर्धी पाण्याने भरा आणि तिचं एक टोक फिल्टर व इंजिन यांच्यामधल्या नळीला जोडा. रेस केल्यावर दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जितक्या सेंटिमीटरचा फरक पडेल, तेवढा दाब तुमच्या इनटेकने खाल्ला. दहा सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण एक टक्का. नवा फिल्टर लावून एकदा मोजा, हडंब्याचा हंगाम संपल्यावर पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. मेकॅनिकांनी, आयटीआयच्या निदेशकांनी आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांनी असे आकडे जमवले तर आपल्या मातीसाठी फिल्टर कधी बदलायचा याचं उत्तर ॲरिझोनाच्या धुळीवरून काढावं लागणार नाही. आणि एखादी नळी कापायला हात पुढे झालाच, तर ती तिथे कुणाच्या मागणीमुळे आली आहे ते संबंधित प्रकरणात आधी पाहून घ्या.